रसद तोडली, पुढे काय?

शरीरशास्त्राच्या पुस्तकात एक छोटेसे वाक्य असते : यकृताला रक्त दोन वाहिन्यांतून मिळते. परीक्षेत ह्यावर फार तर एका गुणाचा प्रश्न येतो, म्हणून आपण ते वाचून पुढे सरकतो. पण ह्याच वाक्यावर यकृताच्या कर्करोगावरील एक संपूर्ण उपचारपद्धती उभी आहे. तेव्हा आज त्या वाक्यापाशी जरा थांबू या.

इतर बहुतेक इंद्रियांची व्यवस्था साधी असते. रोहिणी प्राणवायूने भरलेले रक्त आणते आणि नीला वापरलेले रक्त परत नेते. यकृताला मात्र यकृत-रोहिणीखेरीज आणखी एक मोठी वाहिनी येऊन मिळते. जठर, आतडी, प्लीहा येथून जमा झालेले, अन्नरसाने भरलेले रक्त ती यकृतात आणून सोडते. हिला प्रवेशिका नीला म्हणतात. यकृतात येणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के ह्या नीलेतून येते व उरलेले २५ टक्के रोहिणीतून. रोहिणीच्या रक्तात प्राणवायू अधिक असल्यामुळे प्राणवायूचा वाटा मात्र दोघींचा जवळजवळ निम्मा निम्मा पडतो. एखाद्या शेताला विहीरही असावी आणि पाटाचे पाणीही मिळावे, तसा हा प्रकार. विहीर आटली तरी पाटाच्या पाण्यावर पीक तगते.

आता ह्या शेतात तण माजले आहे अशी कल्पना करा. हे तण म्हणजे यकृताच्या स्वतःच्या पेशींपासून उद्भवणारे कर्करोगाचे अर्बुद. ब्रीडिस व यंग ह्या दोघा संशोधकांनी १९५४ साली यकृतातील अर्बुदांचा रक्तपुरवठा तपासून एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. वाढलेली अर्बुदे आपले रक्त जवळजवळ सगळे रोहिणीतून घेतात, प्रवेशिका नीलेतून नव्हे. म्हणजे पीक दोन्ही पाणी पिते, आणि तण फक्त विहिरीचे! मग विहिरीचेच पाणी तोडले तर? तण सुकेल आणि पीक पाटावर जगेल.

कल्पना सुरेख खरी, पण पोट न फाडता यकृताच्या रोहिणीपर्यंत पोहोचायचे कसे? ह्याचे उत्तर आदल्याच वर्षी, १९५३ साली, स्वेन-इव्हार सेल्डिंगर ह्या स्वीडिश डॉक्टरांनी प्रसिद्ध केले होते. त्यांची युक्ती इतकी सोपी आहे की ती आधी कोणाला कशी सुचली नाही ह्याचे नवल वाटते. पोकळ सुईने रोहिणीला भोक पाडायचे. सुईतून एक लवचिक तार आत सरकवायची. सुई काढून घ्यायची, तार आतच ठेवायची. मग त्या तारेवरून, सुतात मणी ओवावा तशी, एक मऊ नळी आत सारायची आणि शेवटी तार ओढून घ्यायची. भोक सुईएवढेच राहते आणि नळी मात्र रक्तवाहिनीत जाऊन बसते. आजही जगभरच्या रुग्णालयांत रक्तवाहिन्यांत नळ्या घातल्या जातात त्या बहुतांशी ह्याच रीतीने.

ही दोन ज्ञाने एकत्र यायला वीस वर्षे लागली. १९७४ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी यकृत-रोहिणी आतून बंद करण्याच्या उपचाराचे वृत्त दिले. जपानमध्ये ओसाका येथील र्‍यूसाकू यामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नेटाने पुढे नेला. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या १२० रुग्णांवरील आपला अनुभव त्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला. रक्तवाहिनीत बोळा बसवून ती बंद करण्याच्या ह्या क्रियेला शास्त्रीय मराठीत अंतर्कीलन म्हणतात. रुग्णालयात तुम्हांला एंबोलायझेशन हाच शब्द ऐकू येईल.

प्रत्यक्षात हे कसे करतात? रुग्ण जागा असतो. जांघेत किंवा मनगटापाशी जागा बधिर करून सेल्डिंगर पद्धतीने नळी आत घालतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत ती महारोहिणीतून यकृत-रोहिणीत आणि तिच्या फांद्यांत नेतात. अखेरच्या बारीक फांद्यांसाठी पहिल्या नळीतून दुसरी नळी सोडतात. हिची जाडी एक मिलिमीटरहून कमी! रक्तवाहिन्या क्ष-किरणांना दिसत नाहीत, म्हणून नळीतून आयोडीनयुक्त द्रव सोडतात. आयोडीनचा अणुक्रमांक ५३ असल्यामुळे तो क्ष-किरण चांगलेच अडवतो आणि पडद्यावर वाहिन्यांचे झाड उमटते. त्या झाडाला एखाद्या ठिकाणी वेड्यावाकड्या फांद्यांचा पुंजका दिसला की समजावे, येथे अर्बुद आहे.

पुढच्या पायरीत आपल्या स्वयंपाकघरातील एक ओळखीची वस्तू येते. ती म्हणजे खसखस. मार्सेल गेर्बे ह्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने १९०१ साली खसखशीच्या तेलाला आयोडीन जोडून लिपिओडॉल नावाचे तेल बनवले. त्या काळी ते आयोडीनचे औषध म्हणून वापरीत. पुढे ते क्ष-किरण चित्रांसाठी उपयोगी पडू लागले. १९८०च्या सुमारास जपानी डॉक्टरांच्या ध्यानात आले की, हे तेल यकृत-रोहिणीत सोडले असता निरोगी यकृतातून ते काही आठवड्यांत नाहीसे होते, पण अर्बुदात महिनोन्‌महिने ठाण मांडून बसते. निरोगी यकृतात असे तेल उचलून नेणाऱ्या भक्षक पेशी असतात आणि अर्बुदात त्यांची वाण असते, हे त्याचे एक कारण. मग ह्या तेलात कर्करोगाचे औषध घोटून, ते अर्बुदाच्या फांदीत सोडून, मागून जिलेटिनच्या स्पंजाचे बारीक तुकडे सोडायचे असा प्रघात पडला. औषध आत कोंडले जाते आणि वाट बंद होते. ह्या जोडउपचाराला डॉक्टर ‘टेस’ म्हणतात. अलीकडे तेलाऐवजी औषध शोषून घेतलेले सूक्ष्म मणीही वापरतात. त्यांचा व्यास मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढा असतो.

म्हणजे पाहा, ‘टेस’ हाच मुळात दोन उपचारांचा संयोग आहे : उपासमार आणि विष.

पण ह्याने माणसे अधिक जगतात का? हा प्रश्न वीस वर्षे लोंबकळत राहिला. अर्बुद लहान झालेले चित्रात दिसे, तरी तेवढ्याने आयुष्य वाढले असे सिद्ध होत नाही. २००२ साली दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. एक बार्सिलोनाची, दुसरी हाँगकाँगची. दोन्हींत रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे योगायोगाने पाडले होते, म्हणजे बरे दिसणारे रुग्ण एका बाजूला जमा होण्याची भीती नाही. बार्सिलोनात उपचार मिळालेल्यांपैकी दोन वर्षांनंतर ६३ टक्के हयात होते, तर केवळ लक्षणांवर इलाज झालेल्यांपैकी २७ टक्के. हाँगकाँगमध्ये रोग अधिक पुढे गेलेला होता, तेथे हेच आकडे ३१ आणि ११ टक्के होते. उपचार खरोखरीच उपयोगी आहे ह्याबद्दल शंका उरली नाही.

तरी हाँगकाँगच्या आकड्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहा. उपचार होऊनही शंभरातील एकोणसत्तर रुग्ण दोन वर्षांत गेले. किल्ल्याला वेढा घातला, रसद तोडली, तरी किल्ला पडत नाही. असे का व्हावे?

एक कारण भूगोलाचे आहे. अर्बुदाचा मधला भाग पूर्णपणे रोहिणीवर जगतो, पण कडेच्या पेशींना शेजारच्या निरोगी यकृतातून प्रवेशिका नीलेचे थोडे रक्त मिळू शकते. मध्य मरतो, कड तगते. दुसरे कारण अधिक खोल आहे. कोणतीही पेशी प्राणवायू कमी पडला की गप्प बसत नाही. तिच्यात एचआयएफ नावाचे एक प्रथिन सतत तयार होत असते. एरवी प्राणवायू असेपर्यंत ते लगेच मोडीत निघते. प्राणवायू घटला की ते मोडेनासे होते, साचते आणि अनेक जनुकांना जागे करते. त्यांपैकी एक जनुक ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन बनवते. हे प्रथिन आसपासच्या रक्तवाहिन्यांना नवे कोंब फुटण्याचा हुकूम देते. उंच पहाडावर गेल्यावर शरीर जे जुळवून घेते त्यातही हीच यंत्रणा असते. तिचा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा ह्यांना २०१९ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी शरीराच्या भल्यासाठी असलेली ही सोय अर्बुदही वापरते. आपण त्याची वाट बंद करतो आणि तेच आपल्या हातून नव्या वाटांची हाक सुटण्याचे निमित्त होते!

मग पुन्हा पुन्हा अंतर्कीलन करीत राहावे काय? येथे रोगाची दुसरी बाजू आडवी येते. जगात २०२२ साली यकृताच्या कर्करोगाचे सुमारे साडेआठ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे साडेसात लाख माणसे त्याने दगावली. ह्यांतील पुष्कळांचे यकृत कर्करोगापूर्वीच आजारी असते. ‘ब’ किंवा ‘क’ प्रकारची विषाणूजन्य कावीळ, मद्य, यकृतात साठलेली चरबी ह्यांमुळे ते वर्षानुवर्षे झिजून त्यात चिवट तंतू माजलेले असतात. ह्या अवस्थेला सिऱ्हॉसिस म्हणतात. म्हणजे एकाच खाटेवर दोन रोग. प्रत्येक अंतर्कीलनात अर्बुदाबरोबर थोडे चांगले यकृतही दुखावते. उपचारानंतर काही दिवस ताप, पोटदुखी, ओकाऱ्या होतात त्या वेगळ्याच. त्यात अर्बुदाने प्रवेशिका नीलेतच घुसून ती तुंबवली असेल तर पाटही बंद आणि आपण विहीरही बंद करणार, असा धोका उभा राहतो.

म्हणून डॉक्टर जोडीदार शोधू लागले. सगळ्यांत समजायला सोपा जोडीदार म्हणजे उष्णता. सुईसारखा विद्युत्-अग्र त्वचेतून अर्बुदात खुपसून त्यातून रेडिओ-वारंवारतेचा प्रवाह सोडतात. पेशींतील आयन पुढे-मागे झपाट्याने हलू लागतात आणि घर्षणाने भोवतालचा भाग तापतो. ६० अंश सेल्सियसच्या पुढे पेशींतील प्रथिने, उकडलेल्या अंड्यातील पांढऱ्या भागासारखी, गोठतात. लहान गाठीला हे छान जमते. मोठ्या गाठीला जमत नाही, कारण वाहते रक्त उष्णता पळवून नेते. कागदाच्या पेल्यात पाणी भरून तो ज्योतीवर धरला तर कागद पेटत नाही, हा प्रयोग तुमच्या शिक्षकांनी करून दाखवला असेल. येथे त्याच पाण्याची भूमिका रक्त करते. बरे, गाठीचा व्यास ३ सेंटिमीटरऐवजी ५ झाला तर काम दुपटीने नव्हे, साडेचार पटींहून अधिक वाढते. गोलाच्या घनफळाचे सूत्र घालून पडताळून पाहा.

तेव्हा आधी अंतर्कीलन करून रक्त थांबवले आणि मग सुई तापवली तर? उष्णता पळून जायला वाट उरत नाही, आणि कडेच्या ज्या पेशी उपासमारीतून निसटल्या असत्या त्या होरपळून निघतात. दोघांचे उणे एकमेकांनी भरून काढले. चीनमधील ग्वांगझू येथे १८९ रुग्णांवर ही तुलना झाली. त्यांच्या गाठी सात सेंटिमीटरपेक्षा लहान होत्या. निष्कर्ष २०१३ साली आले : केवळ उष्णतेचा उपचार घेतलेल्यांपैकी चार वर्षांनी ४५ टक्के हयात होते, जोडउपचार घेतलेल्यांपैकी जवळजवळ ६२ टक्के. मला स्वतःला ह्या साऱ्या प्रकरणात हे उदाहरण सर्वांत समाधानाचे वाटते, कारण येथे भौतिकशास्त्राने आधी सांगितले आणि रुग्णालयात तसेच घडले.

दरवेळी असे होत नाही.

अर्बुद नव्या वाहिन्यांना हाक मारते, तर ती हाकच दाबून टाकणारे औषध बरोबर द्यावे, हा विचार कोणालाही पटेल. अशी औषधे उपलब्धही झाली. सोराफेनिब हे तोंडाने घ्यायचे औषध २००७ पासून पुढच्या अवस्थेतील यकृताच्या कर्करोगासाठी वापरात आले. ते व्हीईजीएफचा निरोप पेशीच्या दाराशीच अडवते. ‘टेस’ आणि सोराफेनिब ही जोडी कागदावर निर्दोष होती. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर तिची चाचणी झाली. अर्ध्यांना सोराफेनिब, अर्ध्यांना हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी. रोग पुन्हा पुढे सरकेपर्यंतचा मध्यक काळ मोजला. एका गटात २३८ दिवस, दुसऱ्यात २३५. तीन दिवसांचा फरक! चाचणी आवरती घ्यावी लागली. तिचा वृत्तांत २०१७ साली प्रसिद्ध झाला. अशीच आणखी एक आंतरराष्ट्रीय चाचणीही निष्फळ ठरली होती.

जपान्यांनी चिकाटी सोडली नाही. औषध अंतर्कीलनानंतर नव्हे, त्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करायचे, म्हणजे हाक उठण्यापूर्वीच तोंड बंद. शिवाय ‘उपचार फसला’ कधी म्हणायचे ह्याची व्याख्याही त्यांनी बदलली. यकृतात दुसरीकडे नवी गाठ आली एवढ्यावरून त्यांनी औषध थांबवले नाही. १५६ रुग्णांच्या ह्या चाचणीत रोग आटोक्यात राहण्याचा काळ १३.५ महिन्यांवरून २५.२ महिन्यांवर गेला. पण एकूण आयुष्याचा हिशेब अखेरीस झाला तेव्हा ३०.८ आणि ३६.२ महिने असे आकडे आले, आणि एवढा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो असे संख्याशास्त्राने सांगितले.

येथे विद्यार्थ्यांनी एक भेद नीट समजून घ्यावा, कारण वर्तमानपत्रांत तो नेहमी पुसला जातो. ‘रोग किती काळ वाढला नाही’ आणि ‘माणूस किती काळ जगला’ ही दोन वेगळी मापे आहेत. पहिले माप लवकर हाती येते म्हणून बातम्या त्याच्या होतात. रुग्णाच्या घरच्यांना मात्र दुसरे हवे असते.

अलीकडची जोडी प्रतिकारशक्तीच्या औषधांची आहे. मेलेल्या अर्बुदपेशींतून बाहेर पडणारी प्रथिने शरीराच्या रक्षक पेशींना शत्रूची ओळख पटवतात, आणि दुर्वालुमॅबसारखी औषधे त्या रक्षकांवरचा लगाम सैल करतात, असा ह्यामागचा तर्क. ह्याला वाहिन्यांची हाक दाबणाऱ्या बेव्हासिझुमॅबची जोड देऊन सहाशेहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. २०२५ च्या आरंभी छापून आलेल्या वृत्तांतानुसार रोग आटोक्यात राहण्याचा काळ ८.२ महिन्यांवरून १५ महिने झाला. आयुष्य किती वाढले हे सांगण्याइतका अवधी त्या वृत्तांतापर्यंत गेलेला नव्हता. म्हणजे वर सांगितलेला भेद येथेही लागू आहे. उलट चीनमध्ये रोग बराच पुढे गेलेल्या रुग्णांत लेन्व्हॅटिनिब ह्या औषधाला ‘टेस’ची जोड दिली, तेव्हा आयुष्यच ११.५ महिन्यांवरून १७.८ महिन्यांवर गेलेले दिसले. तीच दोन हत्यारे, पण पाहुणा कोण आणि यजमान कोण हे बदलले की निकाल बदलतो असे दिसते.

किरणोत्साराची गोष्ट थोडक्यात सांगतो. वीस ते तीस मायक्रॉन व्यासाच्या, म्हणजे केसाहूनही बारीक अशा काचेच्या गोळ्यांत किरणोत्सर्गी यिट्रियम-९० भरून त्या याच नळीतून अर्बुदात सोडतात. त्याचे बीटा कण सरासरी अडीच मिलिमीटरच जातात, त्यामुळे मारा अर्बुदापुरता राहतो. अर्धायुष्य ६४ तास. अकरा दिवसांत किती भाग उरेल ते तुम्हीच काढा. गंमत अशी की, येथे रसद तोडायची नसते. किरणांना पेशीचा घात करायला प्राणवायूची मदत लागते, म्हणून ह्या गोळ्या मुद्दाम इतक्या लहान ठेवतात की रक्त वाहते राहावे. मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणु संशोधन केंद्राने अशा काचगोळ्या देशातच तयार केल्या आहेत. बाहेरून किरण देऊनही जोड साधता येते. प्रवेशिका नीलेत अर्बुद घुसलेल्या ९० रुग्णांवर कोरियात सोल येथे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘टेस’ आणि किरण मिळून मध्यक आयुष्य ५५ आठवडे आले, केवळ सोराफेनिबने ४३.

शस्त्रक्रियेशी असलेली जोड सगळ्यांत चमत्कारिक आहे. अर्बुद काढायचे तर यकृताचा मोठा भाग कापावा लागतो, आणि उरलेला भाग शरीराला पुरला नाही तर रुग्ण दगावतो. १९८०च्या दशकात जपानी शल्यचिकित्सकांनी ह्यावर तोडगा काढला. ज्या बाजूला अर्बुद आहे त्या बाजूचा पाटच, म्हणजे प्रवेशिका नीलेची फांदी, शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी बंद करायची. सगळे अन्नरसयुक्त रक्त मग चांगल्या बाजूला वळते आणि यकृताची पुन्हा वाढण्याची विलक्षण शक्ती जागी होऊन ती बाजू मोठी होते. काही रुग्णांत आधी अर्बुदाची विहीर, मग त्याच बाजूचा पाट, आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम ठेवतात. यकृतरोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णांतही अंतर्कीलनाचा उपयोग होतो. इटलीतील मिलान येथे १९९६ साली ठरलेल्या निकषानुसार एकच गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत असतील तर रोपण चांगले यशस्वी होते. यकृत मिळेपर्यंत गाठ ही मर्यादा ओलांडू नये म्हणून तिची रसद तोडून ठेवतात.

इतके मार्ग असताना एका रुग्णासाठी कोणता निवडायचा हे एकटा डॉक्टर ठरवत नाही. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत शल्यचिकित्सक, क्ष-किरणतज्ज्ञ, औषधतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि यकृततज्ज्ञ एकत्र बसून प्रत्येकाची चित्रे पाहतात. ह्या बैठकीत पहिला प्रश्न अनेकदा गाठीविषयी नसतोच. रक्तातील बिलिरुबिन किती, अल्ब्युमिन किती, पोटात पाणी झाले आहे काय, हे आधी विचारतात. यकृत किती शिल्लक आहे ते ह्यावरून कळते. ते पुरेसे नसेल, तर नळी, सुई आणि औषध जवळ तयार असूनही काही वेळा हात आवरता घेतात.